वाऱ्यावर सोडलेली बाग

हडपसर, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादा आणि आरोहीचे बाबा,

दोघांनाही एकदमच नमस्कार. आधी कुणाचं नाव लिहावं यात माझा बराच वेळ गेला. दादा वयाने मोठा, म्हणून तो आधी. यावरून घरात अबोला नको.

पत्र बघून नवल वाटेल. पण काल फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होता. एक म्हणत होता दोडक्याला पाणी दिलं, दुसरा म्हणत होता दिलंच नाही, आणि मधून शेजारच्या साळुबाईची म्हैस ओरडत होती. मला सगळ्यात नीट म्हशीचं कळलं. तेव्हा आता फोनवर फक्त आरोहीच्या तब्येतीची चौकशी करायची. बागेचं काय असेल ते लिहून कळवायचं. लिहिताना निदान एकमेकांच्या हातातून फोन ओढता येत नाही.

आरोही तशी ठीक आहे. पण रक्तदाब वर जातोय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचंच नाही असं बजावलंय. जावईबापू सकाळी कंपनीत जातात ते दिवेलागणीला येतात. पोरीला सासू नाही. तेव्हा बाळंतपण होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. दिवाळीसुद्धा इथेच.

आपलं घर गावाच्या टोकाला. वारा आधी आपल्या दारात येतो, मग गावात जातो. पावसाळाभर मी तो घेवड्याचा मांडव कसा धरून ठेवला ते माझं मला माहीत. आता दुपारी ऊन इतकं की पानं माना टाकतात, आणि संध्याकाळी ढग आले की वावटळ उठते. घेवडा फुलावर आलाय. डांगराचा वेल कुंपणावर चढलाय. पपई उंच झालीय, तिला टेकू द्या. झेंडू दिवाळीत तोडून साळुबाईलाही द्या.

दादा, वहिनी गेल्यापासून तू बेल्ह्यात एकटाच बसून असतोस. मुलगा चाकणला, तू तिकडे. म्हणून तुला बोलावलं. आणि खरं सांगू का, एकट्या यांच्यावर बाग सोडवेना, म्हणूनही बोलावलं. तुमच्या दोघांत बेल्ह्याच्या बाजारातल्या त्या गाईवरून जे झालं, त्याला आता आरोहीच्या वयाइतकी वर्षं होतील. दादाने गाय पसंत केली, शांत आहे म्हणाला, आणि तिने पहिल्याच दिवशी यांना लाथ मारली. ती गाय मरूनही गेली. तुम्ही दोघं मात्र ती अजून दावणीला बांधून बसलाय. आता तिला सोडा.

दोघांचाही लोभ असू द्या, आणि जमलं तर एकमेकांवरही.

तुमची
अंजना


निरगुडसर
९ ऑक्टोबर

सौ. अंजनास गोरखचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी जन्मभर यष्टी हाकली, लिवायची सवय न्हाई. चूक झाली तर चालवून घे.

हिकडं ऊन लई तापतंय. तुजा भाऊ सकाळी उठतो आन बागेची हजेरी घेतो. खोटं न्हाई सांगत. मास्तरकी सुटली तरी सवय सुटली न्हाई. एकेका झाडापुढं उभा राहतो आन त्याचं काय चुकलं ते त्याला सांगतो. काल मिरचीला म्हणला तू मुळातच वाकडी वाढलीस. मिरची गप उभी. मी मिरची असतो तर बोललो असतो.

वाऱ्याचं म्हणशील तर मी बंदोबस्त केलाय. नारायणगावला जाऊन हिरवी शेडनेट आणली, टमाटेवाले लावतात तसली. चांगले जाड बांबू रोवून पश्चिमेच्या अंगाला ताणून बांधली. वारं पश्चिमेकडनंच येतं, हे पावसाळाभर आपण बघितलंय. तर तुजा भाऊ म्हणतो की परतीच्या पावसात वारं पूर्वेकडनं येतं. मी म्हणलं मास्तर, मी घाटात गाडी चालवलीय, वारं कुठनं लागतं ते मला स्टेरिंगवर कळायचं. तर म्हणतो बागेला स्टेरिंग नसतं.

मग शेवटी बाग वाटून घेतली. मधी सुतळी बांधली. पश्चिम माझी, पूर्व त्याची. पपई नेमकी सुतळीवर येती, तर तिला कुणीच पाणी घालीना. शेवटी साळुबाईनं घातलं आन दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नशिबाला बोल लावला.

आरोहीला म्हणावं बाबा आठवण काढतो. तू जेवत जा. तुज्या हातची भाकरी न्हाई, बाकी सगळं ठीक.

लोभ हाय तो तसाच राहू दे.

गोरख


निरगुडसर
९ ऑक्टोबर

चि. सौ. अंजनास सावळारामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दाजींचे पत्र मी वाचलेले नाही. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले तेव्हा वरच्या ओळींतील काही चुका नजरेस पडल्या, इतकेच.

त्यांनी पश्चिमेला जी हिरवी जाळी ताणली आहे तिच्याविषयी मी बोलणार नाही. वारा अडवायचा नसतो, गाळायचा असतो, हे मी त्यांना शांतपणे सांगितले. जाळी इतकी घट्ट विणीची आहे की तिच्यात वारा भरला तर होडीच्या शिडासारखी फुगेल, हेही सांगितले. त्यावर दाजी म्हणाले की निरगुडसरला समुद्र नाही. ज्याला समजून घ्यायचेच नाही त्याला काय समजावणार?

मी पूर्वेच्या बाजूला बाजरीच्या वाळलेल्या सरमाडाचा कुंपणवजा कूड घातला आहे. ताटे उभी, मध्ये बोटभर फट, वर आडव्या कामट्या. दिसायलाही नेटका आहे. साळुबाईंची म्हैस कुडापलीकडे उभी राहून तो मोठ्या आस्थेने न्याहाळत असते. मुक्या प्राण्यालाही चांगले काम कळते.

जेवणाचे म्हणशील तर सकाळी पिठले आणि संध्याकाळीही पिठलेच. दाजी ताट पुढे ओढतात आणि खिडकीबाहेर बघत जेवतात.

एक सांगतो, बेल्ह्यापेक्षा मला इथे झोप बरी लागते. घराभोवती वारा घुमत असला की घरात कोणीतरी वावरते आहे असे वाटते. दाजींचे घोरणे आहे ते वेगळेच.

आरोहीला जपावे. या थोरल्या भावाची आठवण ठेवावी, रागावलीस तरी ठेवावी.

तुझा
सावळाराम


हडपसर
१३ ऑक्टोबर

ती. दादा आणि आरोहीचे बाबा,

दोघांना नमस्कार आणि दोघांच्या पुढे हात जोडते.

तुमची पत्रं आरोहीला वाचून दाखवली. वाकड्या मिरचीपाशी तिला असं हसू आलं की मीच घाबरले, तिला हसायची परवानगी आहे की नाही ते माहीत नव्हतं. त्यानंतर तपासणीला गेलो तर दाब खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जे काय केलं असेल तेच करत राहा. तेव्हा लिहीत राहा. तुमच्या भांडणाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.

पण ती सुतळी आधी काढा. माणसं रान वाटून घेतात, डांगराचा वेल कुणी वाटून घेतं का? त्याचं मूळ पूर्वेला आणि फळं पश्चिमेला. उद्या भाजी कुणी खायची?

आरोहीचे बाबा, जाळी खालून मोकळी ठेवा आणि बांबूंना तणावे बांधा. आणि दादा, तू एवढी वर्षं पोरांना शिकवलंस, तुला एवढं कळू नये? म्हैस तुझं काम बघत नाहीये. सरमाड म्हणजे तिचं जेवण आहे. हे पत्र मिळाल्या मिळाल्या साळुबाईला सांगा, म्हैस आखूड बांध.

इथे खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, बाकी काही नाही. वारा येतो तो सिमेंटचा वास घेऊन येतो. मला माझ्या मांडवाखाली उभं राहावंसं वाटतं. तेवढा तरी उभा ठेवा.

लोभ असावा, आणि थोडी अक्कलही असावी.

अंजना


निरगुडसर
१७ ऑक्टोबर

सौ. अंजनास गोरखचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येथील सर्व क्षेम आहे. परवा सायंकाळी किंचित वारा झाला व थोडाफार पाऊस पडला, तथापि काळजीचे कारण नाही. सुतळी काढली आहे. किंबहुना सुतळी बांधण्याजोगे आता फारसे काही उरलेले नसल्यामुळे ती आपोआपच निघाली.

काल दाजींनी, म्हणजे मी, बराच आराम केला. प्रकृती उत्तम आहे. हात उत्तम आहेत. दोन्ही.

तुझे बंधू सावळाराम हे अत्यंत साक्षेपी गृहस्थ असून त्यांच्यावाचून माझे पदोपदी अडते. (वरील वाक्य खोडावे असा आत्ता आग्रह झाला, परंतु खाडाखोड केलेले पत्र पाठवणे बरे दिसत नाही.)

आरोहीस आशीर्वाद. येथे येण्याची मुळीच घाई करू नये. मुळीच. स्नेहभाव दृढ राहावा ही अपेक्षा.

गोरख


हडपसर
लक्ष्मीपूजन, २१ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. यांच्या हाताला काय झालंय?

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी तथापि म्हटलेलं नाही. किंबहुना तर नाहीच नाही. अक्षर तुझं, भाषा तुझी, आणि हात उत्तम आहेत असं कुणी न विचारता सांगितलंय. ज्याचे हात उत्तम असतात तो माणूस हातांबद्दल लिहितो का?

मी साळुबाईला फोन केला. ती म्हणाली, बाई, मला काय बी इचारू नका, माजी म्हैस अजून हिरवं काय दिसलं की बिथरती. एवढं बोलून तिने फोन ठेवला. माझ्या जिवाचं काय झालं असेल? हात गेला की माणूस गेला, कळेना. यांना फोन केला तर नेहमीसारखे बोलले, पण तू मागून सांगत होतास ते सगळं मला ऐकू येत होतं.

मी पिशवी भरली. आरोहीने बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी दाब परत वर. मी पिशवी रिकामी केली. सकाळी परत भरली आणि परत रिकामी केली. इकडे लेक, तिकडे नवरा, दोन्हीकडे माझी गरज आणि मी एकच. सणाचा दिवा लावताना माझ्या दोन काड्या विझल्या, ते जावईबापूंनी बघितलं आणि तिसरी स्वतः लावली.

मी येणार नाही. आरोहीला सोडून येणं होणार नाही. पण खरं काय ते तू तुझ्या नावाने, तुझ्या अक्षरात लिही. काहीही लपवू नकोस. तुझ्या पत्राची वाट बघत हे दिवस काढते आहे, एवढी माया कर.

अंजना


निरगुडसर
२४ ऑक्टोबर

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

आधी मुद्द्याचे लिहितो. दाजींच्या उजव्या हाताचे मनगटाजवळचे हाड मोडले आहे. मंचरला नेऊन प्लॅस्टर घातले. हाड जागेवर बसले आहे आणि हात पूर्ववत होईल असे डॉक्टरांनी सांगितले. आता श्वास घे आणि पुढचे वाच.

तुझे म्हशीविषयीचे पत्र पोचले ते वादळाच्या दुसऱ्या दिवशी. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्या दुपारी पान हलत नव्हते. आम्ही ओट्यावर पाठीला पाठ लावून बसलो होतो. तेवढ्या वेळात म्हशीने दावे तोडले आणि माझा कूड खायला सुरुवात केली. आम्हाला चावण्याचा आवाज येत होता. मला वाटले दाजी शेंगदाणे खात आहेत. दाजींना वाटले मी खातो आहे. अबोला असल्यामुळे कोणी विचारले नाही.

मग पूर्वेकडून ढग आले. वारा पूर्वेकडूनच आला, हे नमूद करतो, अधिक बोलत नाही. कुडाला मोठे भगदाड पडले होते. त्यातून वारा थेट आत शिरला आणि बाहेर पडायला वाट शोधत जाऊन दाजींच्या जाळीत भरला. अंजना, मी आयुष्यात असे दृश्य पाहिलेले नाही. जाळी फुगली, बांबू वाकले, वाऱ्याची वावटळ झाली आणि सगळे एकदम उपटून गरगरत आभाळात गेले. दाजी जाळीला हाका मारीत धावले. जाळी आधी म्हशीवर उतरली. म्हैस ती अंगावर घेऊनच बागेतून धावली. आधी झेंडू, मग मिरच्या, मग डांगराचा वेल, असे सर्व तिच्या पायांत आले. त्यानंतर वाऱ्याने जाळी पुन्हा उचलली आणि साळुबाईंच्या गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन टाकली. पपई मधोमध मोडली. केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या. घेवड्याचा मांडव बसला, अगदी दमलेला माणूस बसावा तसा. मूळ मात्र शाबूत आहे.

माझ्या कुडामुळे वारा आत आला आणि त्यांच्या जाळीमुळे बाहेर जाईना. यात दोष कोणाचा यावर आम्ही वाद घालू शकलो असतो, पण त्या चिखलात उभे राहिल्यावर दोघांनीही खाली वाकून वेल सोडवायला घेतला. दाजींनी उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले धूळ गेली. पावसात धूळ कुठली?

सकाळी दाजी पत्र्यावरची जाळी काढायला शिडीवर चढले. शिडी मी धरली होती. पण ते गाठ उलटी सोडत होते. मला राहवेना. गाठ कशी सोडायची ते दाखवण्यासाठी मी दोन्ही हात वर केले. शिडी सरकली. बाकी तू समजून घेशीलच.

आता त्यांची दाढी मी करतो. घास मी भरवत नाही, ते डाव्या हाताने खातात आणि अर्धे पिठले सदऱ्याला देतात. लेंग्याची नाडी मी बांधतो, हे कुठे बोलू नये. पहिल्या दिवशी ते छताकडे बघत उभे राहिले आणि मी जमिनीकडे. आता त्याचे काही वाटत नाही.

मांडव आम्ही दोघांनी उभा केला. ते खालून सांगतात, मी वर बांधतो. ते सांगतात ते बरोबरच असते असे नाही, पण तीन हातांत जेवढे होते तेवढे झाले. झेंडू आडवा पडूनही फुलला. साळुबाईंना दिवाळीत नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि दार लावून घेतले.

तू येऊ नकोस. मी आहे. दाजींना मी सोडून जाणार नाही. आरोहीला हे पत्र वाचून दाखव, म्हशीचा भाग सावकाश वाच.

बहिणीच्या रागालाही पात्र असलेला,
सावळाराम


हडपसर
६ नोव्हेंबर

ती. दादा आणि आरोहीचे बाबा,

दोघांना नमस्कार, या वेळी माझा आणि नव्या माणसाचाही.

फोनवर कळलंच आहे, पण कागदावर लिहिल्याशिवाय माझं समाधान होईना. मुलगी झाली. आरोही सुखरूप आहे. दाब इतका चढला की शेवटी पोट उघडावं लागलं, आणि मी बाहेर बाकावर देवाचंही नाव न घेता नुसती बसले होते. मग आतून रडणं ऐकू आलं. असं खणखणीत की जावईबापू म्हणाले, आई, ही निरगुडसरच्या वाऱ्यावर गेलीय.

दादा, तुझं पत्र आरोहीला वाचून दाखवलं होतं. शेंगदाण्याच्या जागी ती हसली आणि शिडीच्या जागी रडली. मी उलटं केलं. तुझा राग आला होता. पण यांची नाडी बांधणाऱ्या माणसावर किती दिवस रागवायचं?

मला यायला अजून महिना तरी लागेल. यांचं प्लॅस्टर निघालं की दादा, तू मोकळा. खूप अडकवून ठेवलं तुला. बेल्ह्याचं घर इतके दिवस बंद आहे, तुझाही जीव तिकडे लागला असेल. मांडव उभा केलात ते ऐकून बरं वाटलं. बाकीचं मी येऊन बघते.

बाळ मूठ आवळून झोपलंय. तिच्या वतीने दोघांकडे माया मागते.

अंजना


निरगुडसर
२९ नोव्हेंबर

सौ. अंजनास गोरखचा आशीर्वाद. नातीला पण.

प्लॅस्टर निघालं. हात काठीवाणी झालाय, अक्षर असंच येणार. पण माजं मी लिवतोय. तुजा भाऊ परसात हाय, त्याला म्हाईत न्हाई.

उत्तरेचं वारं सुटलंय. सकाळी बोटं वाकत न्हाईत. जमीन वाळून चाललीय, म्हणून आमी झाडांच्या बुडख्यांना उसाचं पाचट टाकलं. घेवड्याला शेंगा लागल्या, लई न्हाईत पण हाईत. डांगराच्या तुटल्या वेलाला गाठीपाशी नवी मुळं फुटली. म्हैस आता आमच्या दारावरनं जाताना पळती.

लिवायचं कारण येगळं. काल सकाळी तुजा भाऊ पिशवी घेऊन ओट्यावर आला. म्हणला दाजी, हात बरा झाला, आता मी निघतो. नारायणगावची गाडी किती वाजता हाय. मी म्हणलं आज गाडी न्हाई. बंद केलीय. अंजना, जन्मभर मी गाडीची वेळ कुणाला चुकीची सांगितली न्हाई. पाहुण्याला न्हाई, सायबाला न्हाई. काल सांगितली. तोंडातनं कशी गेली ते कळलं न्हाई.

तो म्हणला बघून तरी येतो. आन फाट्याकडं गेला.

आपल्या ओट्यावरनं फाटा दिसतो. मी बसून बघत व्हतो. गाडी आली, तिच्या वेळेला आली. त्याच्याम्होरं उभी राहिली. दार उघडलं. कंडाक्टरनं हात केला. तुजा भाऊ उभा. वाऱ्यानं त्याचं धोतर फडफडत व्हतं, टोपी त्यानं हातानं धरली व्हती. मग त्यानं मान हलवली, न्हाई म्हणला. गाडी गेली. तो तिथंच थांबला बराच येळ, जसं काय गाडीची वाट बघतोय.

मग परत आला. पिशवी आत ठेवली. माज्याकडं न बघता म्हणला, दाजी, तुमचं बरोबर व्हतं. गाडी आलीच न्हाई.

इतक्या वर्सांत तो मला पहिल्यांदा म्हणला की तुमचं बरोबर व्हतं. मी उठून चहा टाकला. दोन कप.

तू आलीस की त्याला इचारू नको कदी जाणार म्हणून. मला बी इचारू नको.

तुजा लोभ व्हता तसाच असू दे. त्यात त्याचा बी वाटा धर.

गोरख